आखूड बाह्या

रांगेतल्या पहिल्या पोरीनं, काडीनं, नवा शर्ट अंगात घातला आणि वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. खांदे आवळलेले. बटणं लागली, पण नाइलाजानं.

"काढ तो. आणि तू रे, तुझा घालून दाखव."

त्याचाही आखूड. पुढच्याचाही. रांगेतली चिल्लीपिल्ली एकमेकांच्या बाह्या ओढून खिदळायला लागली.

शाळेमागच्या त्या खोलीत एका भिंतीशी वहिनींचं शिलाई मशीन होतं आणि समोरच्या भिंतीशी त्यांच्या नणंदेची शेगडी. दोघींनी मिळून चालवलेली एवढीशी संस्था. पावसानं तीन वर्षं पाठ फिरवलेली. ज्यांचे आईबाप कामाच्या शोधात लांब गेले होते, ती मुलं दर वर्षी इथलाच एक गणवेश घालायची, आणि गेल्या वर्षी गणवेश वाटून झाल्यापासून इथं दुपारी जेवायचीही. खर्च शहरातल्या एक बाई उचलायच्या. त्या आज यायच्या होत्या.

फोनवर त्या स्पष्टच बोलल्या होत्या. "पोटात गेलेलं दिसत नाही हो. अंगावरचं दिसतं. पुढच्या वर्षी जेवण बंद करू, दोन-दोन गणवेश देऊ. येऊन बघते आणि नक्की करते." वहिनींनी तेव्हाच ठरवलं होतं, असे गणवेश शिवायचे की बाई खूश झाल्या पाहिजेत, आणि मग वन्संच्या शेगडीसाठी त्यांच्यापुढे पदर पसरायचा. सगळंच मुसळ केरात गेलं.

"कापड आटलं म्हणून सांग," नणंद पळी हलवत म्हणाली.

"प्यायला पाणी नाही, वन्सं. कापड कशात आटवू?"

"मग कात्रीला भूक लागली असेल. बसली खात."

वहिनींना हसू आलं नाही. त्यांनी गेल्या वर्षीचे मापाचे कागद काढले आणि काडीच्या शर्टाला लावून पाहिले. काठाला काठ जुळला. टेप लावली. सुताइतकाही फरक नव्हता. यंदा त्यांनी मुलांची मापं घेतलीच नव्हती. आधीच्या दोन वर्षांत घेतली, तर टेप दर वेळी जुन्याच आकड्यावर येऊन थांबायची. मुलं तेवढीच्या तेवढी. ते पुन्हा पाहायची त्यांची छाती झाली नाही. जुने कागद ठेवले आणि कात्री चालवली.

काडी शर्ट हातात धरून उभी होती. डोळे भरलेले.

"मावशी, माझं काही चुकलं का?"

वहिनींनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या खांद्याला टेप लावली. टेप जुना आकडा ओलांडून खाली गेली, आणखी खाली गेली. त्यांनी पुन्हा लावली. मग त्या मटकन स्टुलावर बसल्या आणि पोरीला त्यांनी जवळ ओढलं.

"नाही गं बाई. तुझं काहीच चुकलं नाही."

"वहिनी, रडतेस काय? बाहेर गाडी वाजतेय!"

"वाजू दे. घाला रे सगळ्यांनी शर्ट! बाह्या ओढायच्या नाहीत. ताठ उभं राहायचं."

"अगं, अशा अवतारात? शोभा होईल!"

"होऊ दे."

बाई आत आल्या. रांग पाहिली. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय? कापड कमी पडलं होतं तर सांगायचं ना."

"कापड पुरलं, बाई. माप गेल्या वर्षीचं आहे," वहिनी म्हणाल्या. मान ताठ होती. "मुलं यंदाची आहेत."

बाईंनी काडीची बाही धरून खाली ओढली. ती पुरेना. पुन्हा ओढली. मग त्यांनी ओढायचं सोडून दिलं आणि तिचं मनगट हातात धरलं. कितीतरी वेळ धरून ठेवलं.

"हिला काडी कोण म्हणतं?"

"सगळेच," काडी म्हणाली.

"सोडा म्हणावं ते नाव आता." बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि शेगडीकडे वळून पाहिलं. "कपड्यांचं मागाहून बघू. आधी यांच्या जेवणासाठी मोठं पातेलं घेऊ."

नणंद तोंड आ वासून उभी राहिली. मग काय करावं ते न सुचून तिनं पळी पातेल्यावर दणादण आपटली आणि रोजच्यासारखी ओरडली, "कोणाकोणाला भूक लागलीय?"

सगळे हात वर गेले. सगळ्या बाह्या सरकत कोपरापर्यंत आल्या, दोन-तीन बटणं तुटून टणाटण जमिनीवर उडाली. एक वाकडा टाका दिसला तरी अख्खी शिवण उसवणाऱ्या वहिनी आपलं ते फसलेलं काम डोळे भरून पाहत राहिल्या.