मागं किती ठेवायचे

“पाचही मागंच उभे करा म्हणतो मी,” आप्पासाहेब म्हणाले. “गोलच होणार नाय.”

कचरूभाऊंनी कपाळाला हात लावला.

“अन् बॉल पुढं कोण नेणार? रेफरी?”

चिकलठाण्याच्या मैदानालगत सिमेंटच्या पायऱ्या आहेत. तिथं दोघं बसले होते. तासाभरात प्रगती क्लबची फुटबॉलची सेमीफायनल होती, समोर जालन्याचा संघ. मागच्या दोन सामन्यांत प्रगतीनं पाच गोल खाल्ले होते. त्यामुळं बचावात चार ठेवायचे की पाच, यावर या दोघांचं पंधरा दिवस वाजत होतं.

कचरूभाऊ कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले होते. कारखान्याच्या संघात बारा वर्षं ते बचावात, बॅक खेळले. आप्पासाहेब देवगाव रंगारीचे. गावाकडं मोसंबीची बाग होती. मुलानं इकडं नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला, तसे तेही राहायला आले होते.

ओळख झाली ती गेल्या हिवाळ्यात. कचरूभाऊंच्या बायकोला, मुक्ताबाईंना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. त्या गेल्यापासून त्यांनी बोलणंच टाकलं होतं. भाकरी अर्धी खायची, भिंतीकडं तोंड करून पडायचं. मुलगी अमृता दर रविवारी त्यांना बळंच घराबाहेर काढायची. मग ते मैदानावर येऊन बसत. समोर खेळ चाललेला असे, पण विचारलं असतं तर स्कोअर सांगता आला नसता.

वरच्या पायरीवर दोन-तीन रविवार एक उंच म्हातारा येऊन बसला. चौथ्या रविवारी प्रगतीच्या आकाशला थ्रोवर बॉल मिळाला आणि हा गृहस्थ उठून ओरडला, “ऑफसाइड! ऑफसाइड!”

कचरूभाऊंनी कितीतरी वेळ दम धरला. शेवटी मान वळवली.

“अहो, थ्रोवर ऑफसाइड नसतो.”

“नसतो?”

“नाय.”

“मग कधी असतो?”

सांगता सांगता सामना संपला. त्या संध्याकाळी कचरूभाऊंनी दोन भाकरी खाल्ल्या. “एक येडा भेटला आज,” ते अमृताला म्हणाले. अमृता स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तेव्हापासून एकही रविवार चुकला नव्हता. कचरूभाऊ भुईमुगाची टरफलं पायरीवर मांडून दाखवत. हे चौघं बचावाचे, एका रेषेत. एक पुढं सरकला की बाकीच्यांनीही सरकायचं. मग समोरचा फॉरवर्ड आपोआप त्यांच्या मागं एकटा राहतो, ऑफसाइडमधी सापडतो. आप्पासाहेब मान डोलवत आणि पुढच्या रविवारी सगळं विसरून येत. धड बघतही नसत. बॉल इकडच्या गोलपाशी असला की हे तिकडं रिकाम्या मैदानाकडं बघत बसलेले.

“बॉल इकडं हाय, आप्पासाहेब!”

“व्हय का?”

आजही निघताना अमृता म्हणाली होती, “पप्पा, ऊन लई हाय. राहू द्या आजच्या दिवस.”

“मी नाय गेलो तर तो बिचारा एकटा बसंल,” कचरूभाऊ चपला घालत म्हणाले. “फ्लॅटमधी कोण बोलतं त्याच्याशी?”

सामना सुरू झाला. प्रशिक्षकानं प्रगतीचे पाच जण मागं ठेवले होते.

“बघा, माझं ऐकलं,” आप्पासाहेब खुशीत म्हणाले.

“बघा आता काय व्हतं ते.”

व्हायचं तेच झालं. पुढं एकटा आकाश धावत राहिला. जालन्याचे चार बॅक एका दोरीला बांधल्यासारखे पुढं येत, मागं जात. आकाश सात वेळा ऑफसाइड झाला. सत्तराव्या मिनिटाला जालन्यानं गोल केला आणि सामना तिथंच संपल्यात जमा झाला.

प्रगती हरली. पण कचरूभाऊंचे डोळे चमकत होते.

“बघितलं का? वर्षभर मी तुम्हाला दुसरं काय सांगतोय? चौघंच होते. पण काय लाइन होती! ज्यानं तयार केली ही पोरं, त्याचे पाय धरले पाहिजेत.”

“तरी पण आपले सहा असते तर—”

“गप बसा हो!”

दोघंही हसले. मैदान रिकामं होत चाललं होतं.

“आमची मुक्ता यायची मॅचला,” कचरूभाऊ एकदम म्हणाले. “त्या काळात एकटी बाई असायची सगळ्या मैदानात. घरी गेल्यावर सांगायची, आज तुम्ही जागा लई सोडली. अन् तिचं बरोबर असायचं.”

इतक्या महिन्यांत तिचं नाव त्यांनी पहिल्यांदाच घेतलं होतं. आप्पासाहेब जरा सरकून जवळ बसले.

तेवढ्यात जालन्याचा प्रशिक्षक पायऱ्या चढून आला. सुदर्शन त्याचं नाव, पस्तिशीचा असेल. गळ्यात शिट्टी, शर्ट घामानं भिजलेला. कचरूभाऊ लगबगीनं उठले.

“साहेब, झकास लाइन ठेवली तुम्ही! लई दिवसांनी असा बचाव बघितला.”

“थँक्यू काका,” सुदर्शन म्हणाला. पण त्याची नजर त्यांच्या मागं होती. तो पुढं झाला आणि वाकून त्यानं आप्पासाहेबांच्या पायाला हात लावला.

“सर, शेवटची दहा मिनिटं लाइन मागं आली. तुम्ही आमच्याकडून घोटून घेतली होती तशी नाय राहिली. कुठं चुकलं?”

आप्पासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला कचरूभाऊंकडं वळवलं.

“मला काय विचारतो? यांना विचार. मी यांच्याकडूनच शिकायलोय.”