मॅडमचं नाव

तेव्हा पुण्यातल्या डिस्कोत एकट्या पुरुषाला कुत्रंही विचारत नसे. जोडीनेच या, असा नियम. योगेशने दारातच एका अनोळखी मुलीला गळ घातली, तिचा हात धरून आत शिरला आणि शिरताच मित्रांत पसार झाला. साधं नावही विचारलं नाही, ही रुखरुख मात्र त्याला पन्नाशीपर्यंत पुरली.

डिस्को बंद पडला, त्या इमारतीत आयटी कंपनी आली. परवा भर दुपारी योगेश कामानिमित्त तिथे गेला. पास लिहिता लिहिता गार्डने विचारलं, "आणि मॅडमचं नाव?"

"कोण मॅडम? मी एकटाच आलोय."

"अहो, हातात हात घालून आलात आणि नाव माहीत नाही?"

योगेशने आपला रिकामा तळवा पाहिला. त्याभोवती कुणाची तरी बोटं हळूच आवळली.