मागच्या खोलीपर्यंत

“बाबा, पुन्हा गेलं!”

चिऊ एवढ्या जोरात ओरडली की शिंप्याच्या हातातली कात्री खडूची रेघ सोडून बोटभर पुढे गेली. नेट गेलं होतं. आठवड्यातली ही चौथी वेळ. परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली आणि शिकवणीचे सगळे तास फोनवरच.

“हळू बोल,” शिंपी दबक्या आवाजात म्हणाला. “भिंतीला कान असतात.”

भिंतीला कान होते की नाही देव जाणे, पण भिंतीपलीकडे काका होते. आणि नेट काकांचं होतं.

काका म्हणजे शेजारचे निवृत्त पोस्टमन. एकटेच राहायचे. दोन वर्षांपूर्वी शिंपी त्यांच्याकडे पडदे लावायला गेला होता. खिडकीशेजारीच नवाकोरा राउटर होता आणि त्याच्या पोटाला पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली होती. आठ आकडे. छाती, कंबर, बाही, उंची. गिऱ्हाइकाची मापं पाठ करावीत तसे शिंप्याने ते पाठ केले. तेव्हा धंदा बसला होता, घरचं नेट बंद करावं लागलं होतं. एका महिन्यापुरतंच, असं त्याने स्वतःला बजावलं होतं. तो महिना काही संपला नाही.

मन खायला लागलं की त्याची एक समजूत ठरलेली होती. काका स्वतःसाठी पैसे भरतातच, उरलेलं वायाच जाणार. वाहत्या गंगेत आपण हात धुतले तर गंगेचं काय बिघडलं? तरीही जिन्यात काका समोर आले की चपलेचा अंगठा तुटल्याचं सोंग करून तो खाली वाकायचा. दोन वर्षांत त्याची चप्पल पन्नास वेळा तरी तुटली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात काकाच उभे. शिंप्याची नजर आपसूक स्वतःच्या चपलांकडे गेली.

“माझं नेट सारखं जातंय रे,” काका म्हणाले. “नवीन राउटर घ्यावा म्हणतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. येतोस का बरोबर?”

चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच. पण नाही तरी कोणत्या तोंडाने म्हणणार? गेला.

“बजेट काय आहे?” दुकानदाराने विचारलं.

“दोन हजार. त्यावर एक पैसा नाही,” काका म्हणाले.

“फोन किती चालणार?”

काकांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. “माझा एकच.”

शिंपी छताच्या पंख्याकडे बघत राहिला. त्याच्या घरात तीन होते.

दुकानदाराने दोन खोकी पुढे ठेवली. “हा बाराशेचा. एकट्या माणसाला रग्गड. पण मधे जाड भिंत आली की याचा दम संपतो. हा चार अँटेनांचा. भिंत ओलांडून जातो, पण अठ्ठावीसशे पडतील.”

काका खोक्यावरची अक्षरं वाचायला वाकले. त्यांच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती. महिन्याभरापूर्वी शिंप्यानेच ती बांधून दिली होती. त्याला स्वतःची लाज वाटली. बाराशेचा घेतला की आपलं पाप आपोआप तुटेल, तोंडाने काही कबूल न करता. हे भित्र्याचं प्रायश्चित्त आहे हे त्याला कळत होतं. चिऊचं काय करायचं, ते मात्र कळत नव्हतं.

“छोटाच घ्या काका. एकट्याला कशाला एवढा मोठा?”

“मागच्या खोलीपर्यंत पोचायला हवं.”

“मागची खोली ती केवढी! पोचेल की.”

“भिंत जाड आहे आमची,” काका हट्टाला पेटले. “मोठाच द्या हो. चष्म्याचं पुढच्या महिन्यात बघू.” आणि त्यांनी आतल्या खिशातून चष्म्यासाठी ठेवलेले पैसे काढले.

शिंप्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “थोडे मी घालतो, काका.”

“तू का? तुझा काय संबंध?”

शिंप्याचा हात खिशातच राहिला. परतीच्या वाटेवर त्याने तीनदा तोंड उघडलं. एकदा म्हणाला, उकडतंय फार. दोनदा नुसतंच मिटलं.

घरी आल्यावर काकांनी राउटर खिडकीत लावू दिला नाही. वायर ओढून मागच्या खोलीत न्यायला लावली. तिथे एक स्टूल आणि एक खुर्ची होती. खुर्ची अगदी भिंतीला भिडवलेली. पलीकडे चिऊचं टेबल. तिचं मोठमोठ्याने चाललेलं पाठांतर इथे शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

“पासवर्ड कोणता ठेवू?”

“नाव, पासवर्ड, सगळं जुनंच असू दे.”

शिंप्याने आपल्या फोनवर नाव घातलं, मग आकडे घातले. आठवा आकडा दाबल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. काकांनी आकडे सांगितलेच नव्हते, आणि जुना राउटर चिठ्ठीसकट पुढच्या खोलीत पडला होता.

काका त्याच्या बोटांकडेच बघत होते.

“माझं चुकलं, काका,” शिंपी म्हणाला. “दोन वर्षं... तुम्ही वापरताच आहात, म्हणून मी आपलं...”

काकांनी शर्टाच्या खिशातून फोन काढून त्याच्या हातावर ठेवला. बटणांचा होता. आकडे झिजून गेलेले, पडदा काडेपेटीपेक्षाही लहान.

“यावर?” काका म्हणाले. मग ओठांवर बोट ठेवून ते भिंतीजवळच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी कान भिंतीला लावला.

“आई, आलं गं!” पलीकडून चिऊ ओरडली.

“पोचलं,” काका म्हणाले.