दोन पोती भुकटी

चौथ्यांदाही गळती निघाली. निघणारच होती. चिमणीत सारलेल्या नळीचा जोड प्रियदर्शनीनं स्वतःच्या हातानं अर्धा आटा सैल ठेवला होता, आणि गळती थांबल्याशिवाय नमुना घ्यायचा नाही हा नियम काही तिनं बनवला नव्हता.

"मॅडम, अजून किती वेळ?" खालून अनिलकुमार साहेबांनी विचारलं. घातक कचरा जाळायच्या या भट्टीचे ते मॅनेजर. सकाळपासून दोनदा ताक वर पाठवून झालं होतं.

"मशीन लीक मारतंय साहेब. बसा की सावलीत."

ती स्वतः उन्हातच बसली होती. चिमणीच्या कमरेला ठोकलेली लोखंडी जाळी बुडाखाली तव्यागत तापली होती. धुरात पारा किती जातो ते मोजायला सात रस्ता चौकातल्या लॅबनं तिला धाडलं होतं. फुटके थर्मामीटर, ट्यूबलाइटी, कारखान्यांचा गाळ, सगळं या भट्टीत पडायचं आणि त्यातला पारा वाफ होऊन वर निघायचा. त्याला धरायचा उपायही साधा. कोळशाची बारीक भुकटी धुरात फुंकायची. पारा तिला चिकटतो आणि पुढं कापडी गाळण्यांत अडकून पडतो. त्याचं यंत्र इथं बसवलेलं होतं, नाही असं नाही. पण ते चालायचं वर्षातून दोनदा, चाचणीच्या दिवशी.

हे तिला आप्पांनी, तिच्या वडलांनी सांगितलं होतं. बारा वर्षं ते या भट्टीच्या तोंडाशी राबले. "चाचणीला दोन पोती भुकटी काढत्यात," ते म्हणायचे. "नवाला सुरू केली की साडेबाराला संपती. तवर मोजणारी माणसं खाली उतरून जेवायला बसल्याली असत्यात."

मग त्या पाऱ्यानं आप्पांचे हात थरथरायला लागले. चहाचा कप ओठापर्यंत जाईना. शर्टाची बटणं आई लावून द्यायची. याच अनिलकुमार साहेबांनी कामावरून काढलं आणि चिठ्ठीत लिहिलं, कामावर दारू पिऊन येतो. दारूला जन्मात न शिवलेला माणूस. गल्लीनं त्यावर विश्वास ठेवला, ते एक वेळ सोडा. प्रियदर्शनी तेव्हा बारावीला होती. एका संध्याकाळी आप्पा डोळे मिटून पडलेले असताना तिनं हळूच वाकून त्यांचं तोंड हुंगलं. आप्पांनी डोळे उघडले नाहीत, पण ते जागे होते. हे तिनं साहेबांना कधीच माफ केलं नव्हतं. स्वतःला तर नाहीच नाही.

साडेबाराला पाचेक मिनिटं असताना खालच्या यंत्राचा आवाज पोकळ झाला. भट्टीवरचा सिदू ओरडून म्हणाला, "साहेब, भुकटी संपली."

"दुसरं पोतं फोड की."

"दुसरंच संपलं. तिसरं कुटनं आणू? पुण्याला सांगावं लागतंय."

प्रियदर्शनीनं पाना उचलला आणि जोड अर्धा आटा पिळला. गळती शून्य. तिनं घड्याळ बघून कागदावर वेळ लिहिली आणि पंप सुरू केला. काचेच्या बाटल्यांतून धूर बुडबुडत जायला लागला.

साहेब शिडी चढून वर आले तेव्हा त्यांचा पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. शिडीची सवय मोडलेली दिसत होती.

"मॅडम, आजचं राहू द्या. भट्टीत जरा प्रॉब्लेम आहे. परवा या, गाडी पाठवतो."

"पंप सुरू झालाय साहेब. आता थांबवला तर मॅनेजरनं थांबवला म्हणून लिहावं लागतंय."

साहेबांनी एकदा खाली बघितलं, एकदा बाटल्यांकडं बघितलं. "तुम्हाला काय पाहिजे ते तरी सांगा."

"काय नको. रोज चालवता तशीच चालवा."

ते उतरून गेले. दोन तास ते आवारात येरझाऱ्या घालत होते आणि दोन तास ती त्यांच्याकडं बघत होती. तिकडं सिदू तोंडाला टॉवेल बांधून भट्टीत माल ढकलत होता, रोजच्यासारखा. कुणाचं वाटोळं होताना बघायला एवढं बरं वाटतं हे तिला ठाऊक नव्हतं. लाज वाटायला पाहिजे होती. नाही वाटली.

अडीच वाजता बाटल्या सील करून ती खाली ऑफिसात आली आणि तिनं कागद साहेबांपुढं ठेवला. त्यावर मॅनेजरची सही लागते. सकाळी गेटवरच्या वहीत तिनं पी. बी. सरवदे एवढंच लिहिलं होतं. कागदावर मात्र पूर्ण नाव होतं. साहेबांची नजर वेळेच्या आकड्यावरून खाली नावावर आली आणि तिथंच थांबली. प्रियदर्शनी बिभीषण सरवदे.

"बिभीषणची तू?"

"व्हय."

साहेब खुर्चीत सावरून बसले आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"अगं, मग सकाळीच सांगायचं की. घरचीच माणसं आपण. कसा आहे तो आता?"

प्रियदर्शनीनं पेनाचं टोपण काढलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

"आप्पास्नी आता सही करता येत न्हाई," ती म्हणाली. "तुमी करा."