उलटे वेढे

सासरे गेले आणि त्यांचं वडाचं बोन्साय सुनेच्या गळ्यात पडलं. फांद्यांना वळण लावायला ते तांब्याची तार गुंडाळत. डावखुरे असल्यामुळे त्यांचे वेढेही उलटे असत. गुंडाळताना झाडाला दटावायचे, "हलायचं नाही हं!"

तार सालीत रुतायला लागली, म्हणून सुनेने ती कापून काढली. सकाळी पाहते तर फांद्यांवर पुन्हा तार, आणि वेढे उलटेच.

"तूच गुंडाळली असशील," नवरा दाढी करता करता म्हणाला.

"मला धड सुईत दोरा ओवता येत नाही!"

तिने तार पुन्हा कापली आणि उरलेलं अख्खं भेंडोळं स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या गाडीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी झाड मोकळं होतं. तिचा जीव भांड्यात पडला. गुणगुणतच ती लेकीला शाळेसाठी उठवायला गेली.

लेक जागीच होती, ताठ पडलेली. "आई," ती कशीबशी कुजबुजली, "हलायचं नाही म्हणालेत."

सुनेने पांघरूण बाजूला ओढलं. लेकीच्या हातावर तांब्याचे उलटे वेढे होते. आणि हात खिडकीतल्या उजेडाकडे सुरेख वळला होता, कोपराच्या बराच खाली, जिथे कुणाचाच हात वाकत नाही.