तुमच्या हातचा बुक्का

"पान बावीस," मधुकरराव म्हणाले आणि त्यांनी लाल पेन्सिल टेबलावर आपटली. "हे चालायचं नाही."

चारुशीलानं मान डोलावली. उद्या संध्याकाळी सीताबर्डीच्या मंदिर संस्थानच्या हॉलमध्ये तिच्या नाटकाचा प्रयोग होता. मधुकरराव संस्थानचे अध्यक्ष. त्यांनी लिहून दिल्याशिवाय कुलूप निघणार नव्हतं. चाबी घेऊन रामाजी पहारेकरी दाराशी उभा होता, आणि मागच्या खुर्चीवर तिचे वडील श्रीधरबुवा बसले होते.

बुवांनी एकोणसाठ साली कीर्तन सोडलं. का सोडलं, ते गावाला सांगितलं नाही. आता चौदा वर्षांनी, लेकीच्या हट्टाखातर, ते नाटकात धोंडबा कोष्टी व्हायला तयार झाले होते. "उद्या नाही झालं तर मी पुन्हा उभा राहणार नाही बेटा," असं त्यांनी सकाळीच सांगून टाकलं होतं.

नाटकातला धोंडबा तीनशे वर्षांपूर्वीचा विणकर, कवनं रचून कीर्तन करणारा. कीर्तन संपलं की कीर्तनकारानं श्रोत्यांच्या कपाळी बुक्का लावायचा, ही रीतच. धोंडबानं तो एकदा गावकुसाबाहेरच्या माणसालाही लावला आणि त्याला पोटाशी धरलं. झालं, धर्मसभा बसली.

मधुकररावांनी एव्हाना निम्मं नाटक लाल केलं होतं. पुजाऱ्याचं सुटलेलं पोट गेलं. धोंडबाचं एक अख्खं कवन गेलं. जन्मात एक ओळ न लिहिलेला माणूस दुसऱ्याच्या ओळी अशा खोडत होता, जणू घरची भाजी निवडतोय. आणि चारुशीला दरवेळी "बरं काका" म्हणत होती. पाहणाऱ्याचंच डोकं फिरावं.

"इतकं कापलं तं उरन काय जी?" रामाजी न राहवून म्हणाला.

"तू गप रे," मधुकरराव म्हणाले. मग त्यांनी धर्मसभेच्या प्रमुखाचं वाक्य मोठ्यानं वाचलं. "'तुमच्या हातचा बुक्का यापुढे कोणी लावून घेणार नाही, तुमच्या ओसरीवर कोणी पाणी पिणार नाही, तुमच्या कन्येशी कोणी सोयरीक करणार नाही.' काय हो हे? धर्माच्या गादीवर बसलेला माणूस असा खुनशी असतो? बापाचा राग लेकीवर काढायचा? त्या पोरीनं कुणाचं काय घोडं मारलं होतं?"

"काहीच नाही, काका," चारुशीला म्हणाली. ती चौतीस वर्षांची होती, शाळेत शिकवायची. घरात ती आणि बुवा, दोघंच.

"मग हे मनानंच लिहिलंत ना?"

"नाही. एवढं एकच वाक्य माझं नाही. एका कागदात सापडलं, जसंच्या तसं घेतलं."

"कुण्या धर्मबुडव्यानं खरडलं असेल, आमचं तोंड काळं करायला. आम्ही देवाच्या दारात उभं आयुष्य काढलं, ते हे ऐकून घ्यायला?" मधुकररावांचा आवाज चढला. राग खरा होता.

"वाक्य काढून टाकू?"

"आता काढून काय होतं? तालमी पाहून लोक बोलून राहिले. ज्यानं हे लिहिलं, त्यानं उद्या स्टेजवर येऊन हात जोडावे. सगळ्यांसमोर."

श्रीधरबुवा उठले. "चल बेटा. काहून यांच्या तोंडी लागतेस? मले नाही करायचं नाटक."

"थांबा बाबा." चारुशीला मधुकररावांकडे वळली. "लिहून द्याल, काका? म्हणजे उद्या कुणाला शब्द फिरवता येणार नाही."

"देतो की. मी कुणाच्या बापाला भितो?" त्यांनी संस्थानचा कागद ओढला आणि झरझर लिहिलं. प्रयोगास परवानगी आहे. मात्र पान बावीसवरील बुक्क्याचे वाक्य ज्याने लिहिले, त्याने पडदा उघडण्यापूर्वी रंगमंचावर येऊन प्रेक्षकांची जाहीर माफी मागावी. खाली ऐसपैस सही ठोकली.

चारुशीलानं तो कागद दोनदा वाचला आणि रामाजीच्या हातात दिला. त्यानं घडी करून चाबीसोबत खिशात ठेवला.

मग तिनं पिशवीतून दुसरा कागद काढला, घड्यांवर विरलेला, आणि मधुकररावांसमोर उलगडून ठेवला. वर संस्थानचा शिक्का होता, खाली श्रीधरबुवांचं नाव, मग बुक्क्याचं, पाण्याचं आणि सोयरिकीचं तेच वाक्य. आणि शेवटी, एकोणसाठ सालची तारीख घालून, तीच ऐसपैस सही.