निळं टोपण, पिवळं टोपण

"दोन्हीत आहे," टॅम्सिन म्हणाली.

शेजारच्या टेबलावरच्या यानिसने उठून तिच्या संगणकावरची रेघ निरखली. "दोन्हीत कसं असेल? नळ्या डेसने स्वतः भरल्यात. एकीत निरोगी रक्त, दुसरीत रोगाचं प्रथिन घातलेलं. कुठली कोणती, एवढंच तर सांगायचंय तुला."

एवढंच सांगता यावं म्हणून टॅम्सिनने चार वर्षं घालवली होती. सिलिकॉनच्या पापुद्र्याला तिने असं छिद्र पाडलं होतं, की त्यातून एका वेळी एकच रेणू जावा. दोन्ही बाजूंना खारं पाणी, त्यातून किंचित वीज. रेणू छिद्रातून निघाला की वीज क्षणभर अडायची आणि रेघ बुडी मारायची. स्वादुपिंडात कर्करोग मूळ धरू लागला की रक्तात उतरणाऱ्या एका प्रथिनाच्या ती मागावर होती. त्याची बुडी खोल आणि रुंद, तिच्या चांगल्या ओळखीची. गर्दीत ते कितीही लपलं, तरी या दारातून त्याला एकट्यानेच जावं लागे. पहिल्यांदा ते सापडलं तेव्हा तिला भरून आलं होतं, आणि ते कौतुक अजून ओसरलं नव्हतं.

आज मात्र तिला घाम फुटला होता. नळ्या बरोबर ओळखल्या तर एक इस्पितळ हे यंत्र रुग्णांसाठी वापरून बघणार होतं. चुकल्या तर काम बंद. लॅबचा प्रमुख म्हणून डेसने तसं आधीच बजावलं होतं.

"छिद्र मळलं असेल," यानिस म्हणाला.

"नवं बसवलं. हे तिसरं. नुसतं खारं पाणी सोडलं तर रेघ गप्प असते."

"मग पिवळ्या टोपणाच्या नळीत बुड्या किती कमी आहेत ते बघ. तेवढा कचरा सगळेच गाळतात. निळी आजारी म्हण, पिवळी निरोगी म्हण, आणि चल, खाली सॉसेज भाजतायत."

यानिस काही लबाड नव्हता. तुरळक बुड्या कचरा समजून मोजणीतून वगळणारी अशी गाळणी प्रत्येक लॅबमध्ये लावतात आणि बहुतेक वेळा ती योग्यच असते. टॅम्सिनने लावून पाहिली. पिवळी नळी लख्ख निरोगी झाली.

तिने गाळणी काढली आणि पुन्हा पाहिलं. बुड्या थोड्याच होत्या, पण प्रत्येक खोल आणि रुंद. कचरा असा शिस्तीत बुडत नाही. ती सॉसेज खायला गेली नाही.

दुपारी तळ्याकाठच्या रस्त्याने सायकल हाणत डेस आला. वसंतात घरटी राखणारे मॅगपाय पक्षी डोक्यावर झडप घालतात, म्हणून त्याच्या हेल्मेटवर प्लास्टिकच्या पट्ट्या उभ्या बांधलेल्या. छिद्रांच्या या विद्येत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण दिसायचा मात्र साळिंदरासारखा.

"पँट सांभाळ, डेस," यानिस म्हणाला. "सायकलने तुझी पार काडी केली."

"तुझी खुर्ची तुला तसं काही करेल असं दिसत नाही," डेस म्हणाला आणि टॅम्सिनसमोर बसला. "बोल."

"गाळणी लावली तर निळी आजारी, पिवळी निरोगी."

"आणि न लावता?"

यानिसने तिच्याकडे पाहिलं. तिथेच थांबली असती तरी चाललं असतं.

"न लावता दोन्ही आजारी," टॅम्सिन म्हणाली. "आणि मला तेच खरं वाटतंय. पिवळीत कमी आहे, पण आहे. नापास करायचं तर कर, डेस. पण मी त्याला कचरा म्हणणार नाही."

डेसने खुर्ची पुढे ओढली. पिवळ्या नळीची रेघ तो बराच वेळ बघत राहिला. एक बुडी मोठी करायला लावली, मग दुसरी.

"सुरेख आहे गं," तो म्हणाला. "इतकी स्वच्छ रेघ मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही."

"सुरेख असून काय उपयोग? चुकलीच ना."

"पिवळी परत सोड. नव्या छिद्रातून."

तिने चौथं छिद्र बसवलं. रेघ सरळ चालली, सरळ चालली, आणि बुडाली. खोल आणि रुंद. थोड्या वेळाने पुन्हा.

"अजून एकदा," डेस म्हणाला.

पाचव्या छिद्रानेही तेच सांगितलं. टॅम्सिन रडकुंडीला आली होती. इतकं जीव लावून केलेलं यंत्र, आणि ते हट्टाने पुन्हा पुन्हा तेच चूक उत्तर देत होतं.

"इस्पितळाला काय कळवू?" तिने विचारलं. "नापास?"

"पास म्हणून कळव," डेस म्हणाला. "आणि तिथल्या कर्करोगाच्या डॉक्टरांची वेळ माग. पिवळ्या नळीत माझं रक्त आहे."